सासऱ्यांना स्ट्रोकनंतर घरी आणायचंय आणि बाथरूम वरच्या मजल्यावर आहे. घर विकून बंगला घ्यावा का?

लगेच विकू नका. घराची पाहणी होईपर्यंत तरी नक्कीच नको.

तुम्ही लिहिलंय की घर इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ ओडबीला आहे, तुम्हा नवरा-बायकोच्या नावावर, आणि आंघोळ-संडास दोन्ही वर. सासरे इंग्लंडमध्येच नोकरी करून निवृत्त झाले, सध्या वॉर्डवर आहेत, आणि नातेवाईक बंगला बघा म्हणून मागे लागलेत. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे बंगला म्हणजे बैठं, एकमजली घर.) मीही सून आहे आणि यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना स्ट्रोक आला तेव्हा आम्ही दुसऱ्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहत होतो. हॉस्पिटलने शुक्रवारी दुपारी सांगितलं, उद्या घरी न्या. पलंग पुढच्या खोलीत टाकला आणि पडद्यामागे कमोडची खुर्ची ठेवली. पुढे ११ महिने ते त्या खोलीत राहिले. पाहुणे आले की अण्णा डोळे मिटून पडून राहायचे. झोप लागलेली नसायची. कुणासमोर पडद्याआड जावं लागू नये, एवढ्यासाठी ते करायचे. सकाळपासून पाणी प्यायचं टाळायचे, हे तर मला फार उशिरा कळलं.

इतका वेळ कशात गेला? इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी कारभार दोन पातळ्यांवर चालतो. घरी येऊन माणसाला काय जमतं ते बघणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, काउंटी कौन्सिलचा. घरात बदल करायचं अनुदान डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिलकडे, म्हणजे काउंटीतल्या छोट्या भागाच्या कौन्सिलकडे. हॉस्पिटल एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं. आम्हाला प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर द्यायचा. कुणी वाईट वागलं नाही, पण अण्णांचं घर ही आपली जबाबदारी आहे असं एकालाही वाटत नव्हतं.

तुमचं नशीब या बाबतीत चांगलं आहे. तुमच्या लेस्टरशायर काउंटीत काउंटी कौन्सिल आणि सातही डिस्ट्रिक्ट-बरो कौन्सिलांनी मिळून 'लाइटबल्ब' नावाची एकच सेवा उभी केली आहे. ब्लेबी डिस्ट्रिक्ट कौन्सिल ती सगळ्यांच्या वतीने चालवते. घरी एक माणूस येतो आणि धरायची दांडी, जिना, बाथरूम, घरातली ऊब, पडण्याचा धोका असं सगळं एकदमच बघतो. साधं काम असेल तर तोच पुढे नेतो, गुंतागुंतीचं असेल तर ओटीकडे जातं. त्यांची माणसं लेस्टरच्या हॉस्पिटलांतूनही काम करतात. पेशंट घरी जायच्या आधी पलंगासाठी जागा करणं, हीटिंग चालू करून घेणं, दाराबाहेर किल्लीची पेटी बसवणं, अशा बारीकसारीक गोष्टींवर डिस्चार्ज अडतो, त्या ते सोडवतात. आम्ही नंतर याच काउंटीतल्या लफबरोला आलो. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा आम्हाला एकच फोन करावा लागला. मला त्या दिवशी अण्णांची फार आठवण आली.

एक खातरजमा करा. ओडबीच्या पत्त्यात लेस्टर लिहितात, पण लाइटबल्ब काउंटीसाठी आहे. लेस्टर शहराचं सिटी कौन्सिल वेगळं आणि त्याची सोयही वेगळी. कौन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलावर कोणत्या कौन्सिलचं नाव आहे ते बघा. ओडबी अँड विगस्टन बरो असेल तर तुम्ही काउंटीत आहात.

आता पैशाचं. अनुदानाचं नाव डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट. इंग्लंडमध्ये ते जास्तीत जास्त ३०,००० पौंड मिळतं. त्यात जिन्याची लिफ्ट, खाली नवं बाथरूम, रॅम्प, दारं रुंद करणं असं बसतं. घर मालकीचं असो वा भाड्याचं, अर्ज करता येतो. आपली माणसं 'आमचा मुलगा कमावतो, आम्हाला कोण देणार' म्हणून अर्जच करत नाहीत. तसं नाही! मोठ्या माणसासाठी उत्पन्न बघतात ते त्या माणसाचं आणि त्याच्या जोडीदाराचं, म्हणजे तुमच्या सासू-सासऱ्यांचं. तुमचे पगार त्यात धरत नाहीत. त्यांच्या बचतीतले पहिले ६,००० पौंडही सोडून देतात. आणि १,००० पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल, म्हणजे धरायच्या दांड्या, उंच केलेली कमोड सीट वगैरे, हे गरज ठरल्यावर फुकट मिळतात. ते या ग्रँटमध्ये येतही नाहीत.

अण्णा म्हणाले होते, सरकारचं फुकटचं नको. त्यांनी एकतीस वर्षं टॅक्स भरला होता. तुमच्या घरातही हे वाक्य येईल. वाद घालू नका, पण अर्ज भरा.

पाच गोष्टी आधीच माहीत असाव्यात अशा. मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी काम सुरू करू नका, तसं केलं तर बहुधा पैसे मिळत नाहीत. पूर्ण अर्ज पोचल्यापासून सहा महिन्यांत निर्णय देणं कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे. पण ओटीची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात मोजत नाहीत, आम्ही तिथेच फसलो. म्हणून अर्ज पोचल्याची तारीख लेखी घ्या. घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा ५,००० पौंडांच्या वरच्या रकमेचा बोजा कौन्सिल घरावर चढवू शकते आणि दहा वर्षांत घर विकलं तर जास्तीत जास्त १०,००० पौंड परत मागू शकते. त्यांच्यासाठी जादा बाथरूम झालं तर कौन्सिल टॅक्स एक बँड, म्हणजे एक टप्पा, कमी होऊ शकतो, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. आणि जे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतात त्यांना हे लागू नाही. ज्याच्यासाठी काम करायचं त्याचं मुख्य घर ते असावं लागतं.

पाहणीच्या दिवशी सासऱ्यांना आवरून, नीटनेटके करून बसवू नका. आमच्याकडे ओटी आली तेव्हा मी चहा करायला उठले. ती म्हणाली, त्यांना करू दे. अण्णांनी डाव्या हाताने किटली अर्धीच भरली, ओट्यावर सरकवत नेली, आणि दूध काढायला फ्रिजकडे वळताना दाराची कड धरली. ओटीने तिथेच पेन्सिलने खूण केली. मग तिने विचारलं, आंघोळ कशी करता? अण्णांनी बादली आणि तांब्या दाखवला. आयुष्यभर ते पाटावर बसून आंघोळ करत आले होते, टबाची कड ओलांडणं त्यांना स्ट्रोकच्या आधीही आवडत नव्हतं. जिन्याखालच्या कोठीचं वेट रूम, म्हणजे टब नसलेलं न्हाणीघर, झालं, उंबरा नाही, भिंतीला घडीचं आसन. शेजारी तांब्यासाठी एक छोटा कट्टाही मिळाला, तो तिने आपणहून आराखड्यात घातला होता. देवघर वरून खाली आम्हीच आणलं. त्यानंतर अण्णा सकाळी साडेपाचला उठून, कुणालाही न उठवता, आंघोळ-पूजा उरकून चहा करायचे. पुढची चार वर्षं मी त्या किटलीच्या आवाजाने जागी झाले.

तेव्हा उद्या आधी वॉर्डवरच्या ओटीला गाठा आणि लाइटबल्बकडे कळवलंय का ते विचारा. घरी नेण्याची तारीख ठरायच्या आत. नसेल कळवलं तर तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो. जिन्याची रुंदी आणि खालच्या दारांची मापं मोबाईलवर फोटोसकट ठेवा.

सासऱ्यांची कोणती बाजू गेली आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. उतरताना कठडा चांगल्या हाताकडे येतो की नाही, यावर बरंच अवलंबून असतं. खाली कळवा, मी बघते आहे.