विचारा ड्रेपरीवाल्याला

प्रश्न : यंदा आमच्या मंडळाचा वडगावच्या लढाईवर जिवंत देखावा आहे. तळेगावला इंग्रजांची छावणी पडलीय, लाल कोटातले गोरे पहारा देताहेत आणि इष्टुर फाकडा झाडावर चढून मराठ्यांची फौज न्याहाळतोय, असा प्रसंग ठरलाय. पोरं पंधरा आहेत. कपडे, तंबू कसे करावेत? एकाकडे आजोबांची ठासणीची बंदूक आहे, ती चालेल का?
– एक कार्यकर्ता, नारायण पेठ

उत्तर : आधी फाकड्याला झाडावरून उतरवा. फाकडा म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, तो ४ जानेवारी १७७९ रोजीच कार्ल्यापाशी पडला आणि फौज तळेगावात पोचली ९ तारखेला. मावळातलं कुणी देखावा बघायला आलं, तर जागच्या जागी कान पकडेल.

दुसरं, सगळ्याच पोरांना गोरे करू नका. साधारण ३,९०० च्या त्या फौजेत गोरे सहाशेच्या आसपास, बाकी बहुतेक आपल्याच इकडचे शिपाई. त्यांना वर लाल कोट, खाली मांडीपर्यंतचा पांढरा जांघिया, डोक्याला पागोट्याच्या घाटाची टोपी, पायात चपला. पोरं लाजतील, पण ते ध्यान तसंच होतं. गोऱ्यांना त्रिकोणी हॅट. खाकी आणि सोला टोपी कुणी आणून दिली तर परत पाठवा, ती पुढच्या शतकातली. कोटाला सॅटिन अजिबात नको. हॅलोजनखाली ते असं चमकतं की शिपाई बँडवाला दिसतो. जाड सुती कापड घ्या. तंबूला मांजरपाट, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं.

बंदूक आजोबांच्या भिंतीवरच राहू दे. ठासणीची असली तरी तिला परवाना लागतो, आणि गर्दीत दारू ठासणं म्हणजे पोलिसांना आवतण. सुताराकडून लाकडी करून घ्या, पण वजनदार. खरी साडेचार किलोंच्या आसपास असायची. हलकी काठी खांद्यावर घेतलेला शिपाई लगेच कळतो. आणि पोरांना भरायची कृती शिकवा : काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे चापाजवळच्या खळग्यात, उरलेली नळीत, मग गोळी, मग गज. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी.

तरी माझं मत विचाराल तर छावणी बंदुकांनी उभी राहत नाही. या फौजेबरोबर एकोणीस हजारांवर बैल होते! निम्मी पोरं मागे कामाला लावा. एक भिस्ती, पाठीवर रेक्झिनची मशक. एक तंबूच्या मेखा ठोकणारा. एक गोणीत हात घालून रिकामा हात बाहेर काढणारा, कारण मराठ्यांनी वाटेवरचा दाणागोटा, वैरण जाळून टाकली होती. बैल मांडवात आणू नका, नुसत्या घुंगुरमाळा वाजवा.

प्रसंगही बदला. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि मागे फिरले. मराठ्यांनी त्यांना वडगावात गाठलं आणि तहावर सह्या करून घेतल्या. पीव्हीसी पाइपाची तोफ, चार पोरं, लाल दिवा, एवढ्यात होतं. संवाद कमी ठेवा, लाउडस्पीकरवर ते तसेही कळत नाहीत.

कोट भाड्याने घेणार असाल तर आत्ताच सांगून ठेवा. गणपतीच्या तोंडावर दुकानात मावळ्यांचे अंगरखे आणि सॅटिनच उरतं.