ठाण्यात राहतो, हॅम रेडिओचा (हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाचा) परवाना घ्यायचाय; पण हा छंद आता संपत चाललाय का?

सरसकट तसं नाही. जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यात १३ लाखांवर हॅम केंद्रं होती; मोबाइलच्या काळात आकडा ४ लाखांखाली आला. अमेरिकेत मात्र २००७मध्ये परवान्यासाठी मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) येण्याची अट गेली आणि आज ७ लाखांहून जास्त परवानाधारक आहेत. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. तिथला परवाना १० वर्षांचा, आपल्याकडचा २० वर्षांचा किंवा आजीवन. म्हणजे सेट कधीचाच बंद करून ठेवलेला माणूसही यादीत राहतो! बँडवर, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या लहरींवर, रोज किती जण बोलतात, ते महत्त्वाचं.

तुम्ही जरूर घ्या. आपल्याकडच्या परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. घोडबंदरकडे टॉवरमध्ये राहत असाल, तर गच्चीवरच्या अँटेनासाठी सोसायटीशी अभ्यास सुरू करतानाच बोला.