मदतकार्यात जायचंय? इंजिनिअरिंग सोडू नकोस

प्रश्न : मी औसा तालुक्यातली, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुदानसारख्या युद्धग्रस्त देशात मदतकार्य करायची इच्छा आहे. त्यासाठी इंजिनिअरिंग सोडून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करू का? बाबा म्हणतात, हे डोक्यातलं खूळ आहे, यात पोट भरत नाही.

उत्तर : पदवी पूर्ण कर. छावणीत धान्य वाटायला हात मिळतात, पण पाणी आणि मैल्याची व्यवस्था बसवणारी माणसं सहज मिळत नाहीत. मदतसंस्था या कामाला 'वॉश' म्हणतात आणि त्यात सिव्हिलवाल्यांना थेट जागा आहे.

काम कसं असतं ते आकड्यांतच बघ. 'स्फिअर' या जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 250 माणसांमागे एक नळ आणि सुरुवातीला 50, पुढे लवकरात लवकर 20 माणसांमागे एक शौचालय हवं. म्हणजे 5,000 माणसांच्या छावणीला रोज 75,000 लिटर पाणी, 20 नळ, आधी 100 आणि नंतर 250 शौचालयं.

आता ते पाणी शुद्ध करायचं. तुमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, तेच इथेही. लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं ठरलं तर रोजच्या 75,000 लिटरला 150 ग्रॅम लागेल. पावडरमध्ये 33 टक्के क्लोरीन असेल तर साधारण 450 ग्रॅम पावडर. पोतं ओलीत उघडं राहून क्लोरीनचं प्रमाण 20 टक्क्यांवर उतरलं असेल तर 750 ग्रॅम. जुन्या पोत्यातून नेहमीचंच माप घातलं की जंतू जिवंत राहतात. पाणी गढूळ असेल तर बराच क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. म्हणून आधी तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, मग क्लोरीन घालून अर्धा तास थांबायचं. नळाशी लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे अजून जंतू मारू शकणारा, क्लोरीन शिल्लक हवा. तो पाण्याचा रंग बदलून दाखवणाऱ्या डीपीडी गोळीने मोजायला शीक, ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत एकूण क्लोरीनच कळतो, त्यातला मोकळा किती ते नाही. आणि नळाशी मोजून थांबू नकोस. उघड्या बादलीत हात बुडाला की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून झाकणाची भांडीही पुरवावी लागतात.

शौचालयांत याहून मोठ्या चुका होतात. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून पळालेले सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. घाईत उथळ खड्डे खणले गेले, काही तर हातपंपाला खेटून. ते भराभर भरले आणि टेकडीवरच्या अरुंद वाटांनी उपसायची गाडी वर जाईना. खड्डा खणण्याआधीच तो कोण, कशाने उपसणार आणि मैला कुठे नेणार, हे ठरलेलं हवं. दाराला आतून कडी नसली, वाटेवर दिवा नसला तर बायका रात्री जात नाहीत आणि जावं लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. जागा ठरवताना आधी त्यांना विचारायचं.

ही विचारण्याची विद्या शिकायला तुला लांब जायला नको. किल्लारी तुझ्याच तालुक्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. इतर गावांत लोकांनी सरकारी मदतीने स्वतःच घरं दुरुस्त केली आणि तिथे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून महिलांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यावरच घे. एका पुनर्वसित गावात तीस घरं मोज, लोकांनी काय पाडलं, काय वाढवलं, शेत किती लांब पडलं ते विचार. अर्जात 'समाजसेवेची आवड' या ओळीपेक्षा हे जास्त बोलेल.

पदवीनंतर दोन वर्षं भारतातच काम कर. आसाम-बिहारचा पूर, मणिपूरमधल्या मदतछावण्या किंवा एखादी पाणीपुरवठा योजनासुद्धा चालेल. परदेशातल्या मोहिमांतही बहुतेक कर्मचारी त्या-त्या देशातलेच असतात. बाहेरून बोलावतात ते अनुभवी तज्ज्ञ, नवखे नव्हेत. दरम्यान एक भाषा धर. सुदानसाठी अरबी, चाड किंवा काँगोसाठी फ्रेंच. एमएसडब्ल्यूऐवजी, हवंच असेल तर, अनुभवानंतर मुंबईच्या 'टिस'मधलं (टाटा समाजविज्ञान संस्था) आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण बघ.

बाबांची काळजी खोटी नाही. करार बऱ्याचदा तीन, सहा, बारा महिन्यांचे असतात आणि 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आखडल्यावर या क्षेत्रातल्या खूप जणांच्या नोकऱ्या गेल्या. पण त्यांना हेही सांग, की पाण्याचं काम येणारा इंजिनिअर नगरपालिकेत, जलयोजनेत, खासगी सल्लागाराकडे कुठेही उभा राहतो. समाजकार्याची पदवी मात्र इतक्या वाटा देत नाही.

अर्ज करताना एक सावधगिरी. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. 'व्हिसा शुल्क', 'प्रशिक्षण शुल्क' म्हणून कोणी रक्कम मागितली तर उत्तर देऊ नकोस, पासपोर्टची प्रतही पाठवू नकोस.