गुऱ्हाळ लहान, पण चुलवाण खादाड

प्रश्न : गेल्या वर्षापासून आम्ही घरात साखर बंद केली असून कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळातून गूळ मागवतो. शेताच्या बांधावर, मोजक्या माणसांच्या हातून होणारे उत्पादन अवाढव्य साखर कारखान्यापेक्षा पर्यावरणाला कमी जाचक असणार, असे मला वाटते. माझा इंजिनिअर भाऊ नेमके उलटे सांगतो. खरे काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : चव बाजूला ठेवून केवळ इंधनाचा हिशेब मांडला, तर पारडे तुमच्या भावाकडे झुकते.

जागेच्या बाबतीत दोघांनाही फारशी निवड नसते. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि तोडल्यानंतर दिवसागणिक त्यातली साखर घटत जाते, त्यामुळे चरक असो वा कारखाना, तो उसाच्या मुलखातच उभा राहतो. फरक आहे तो अंतराचा, आणि इथेच आपला अंदाज चुकतो. ऊस २० किलोमीटरवरून आणला, तर जाण्यायेण्यात टनामागे साधारण एक लिटर डिझेल जाते. एक लिटर डिझेलची उष्णता म्हणजे जेमतेम ४ किलो ओल्या चिपाडाची उष्णता. आणि एक टन उसातून चिपाड निघते सुमारे ३०० किलो. म्हणजे ही वाहतूक डोळ्यांत भरते तेवढी मोठी नसते. खरा खर्च रस आटवण्याचा असतो.

गुऱ्हाळात एका उघड्या काहिलीखाली चुलवाण धगधगत असते. जळव्या वाळलेले चिपाड मुठीमुठीने आत सारत असतो, रसाची वाफ छपराखालून निघून जाते आणि निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून व भिंतींतून वाया जाते. त्या टनभर उसाचे बहुतेक सगळे चिपाड तिथेच संपते. हंगामाच्या सुरुवातीला पाऊस पडून चिपाड भिजले, तर वरून लाकूडफाटा आणावा लागतो. कारखान्यात हीच वाफ एका बंद भांड्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात नेऊन पुन्हा पुन्हा वापरली जाते. नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४३ साली अमेरिकेत पेटंट घेतलेली ही युक्ती आजही साखर उद्योगाचा कणा आहे. तिच्यामुळे चिपाड वाचते आणि त्यावर वीजनिर्मिती होते. पण त्यासाठी लागणारा बॉयलर दिवसाला पाचदहा टन गाळणाऱ्याला परवडत नाही. शिवाय चरकाच्या चिपाडात बराच रस तसाच राहतो, तो वेगळाच.

म्हणून मोठे तेवढे चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. रोज १०,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला दहा टनांच्या हजार खेपा लागतात. दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचे हवाई अंतर राखण्याचा नियम महाराष्ट्रात आहे खरा, पण गाळपाची भूक वाढली की लांबून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा, ऊस येऊ लागतो आणि वाटेत वाळतो. कारखान्याला जोडलेल्या आसवनीत लिटरभर अल्कोहोलमागे आठदहा लिटर काळे, आम्लधर्मी सांडपाणी निघते. ते एका जागी साठत असल्याने त्यावर प्रक्रिया करणे शक्य होते, पण ती टाळली तर आख्खी नदी नासते. गुऱ्हाळात रसावरून काढलेल्या मळीने एवढा घात होत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर दोघेही सारखेच दोषी आहेत. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे २,००० लिटर पाणी लागते, असा हिशेब मांडला जातो, आणि ते जवळजवळ सगळे शेतात मुरते. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात पाटाने भिजवलेल्या उसाचा गूळ करा की साखर, त्याने फरक पडत नाही.

प्रश्न : मग गूळ सोडून द्यावा का? – तेच वाचक

उत्तर : तसे करण्याचे कारण नाही, गुऱ्हाळ सुधारता येते. काहिलीच्या बुडाला धातूच्या पट्ट्या जोडल्या किंवा धुराड्याकडे जाणाऱ्या तापलेल्या हवेवर दुसरी काहील ठेवून त्यात पुढचा रस आधीच तापवून घेतला, तर बरेच चिपाड वाचते, आणि त्यासाठी कारखान्याएवढ्या आकाराची गरज नसते. तुमचा गुळव्या ओळखीचा असेल, तर हंगाम संपताना एकदा गुऱ्हाळावर जाऊन या. आवारात चिपाडाची गंजी शिल्लक दिसली, तर चुलवाण चांगले आहे. लाकडाचे ओंडके दिसले, तर पुढच्या ढेपेची मागणी नोंदवण्याआधी गुळव्याशी याविषयी जरूर बोला.