भलत्याच जागी बसलेला रेणू

कोल्हापूर, रविवार

पोरा,

तुझ्या प्रोटीनच्या क्रिस्टलचा तू पाठवलेला नकाशा, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे दाटलेत ते दाखवणारा, काल रात्री उघडला. सक्रिय जागा, म्हणजे एन्झाइम जिथं काम करतं तो खिसा, रिकामी आणि तू घातलेलं संयुग भलतीकडेच, म्हणून तू खट्टू झालायस. पाहुण्याची रंकाळ्यावर वाट बघावी आणि तो महाद्वार रोडला मिसळ खाताना सापडावा, तसं झालंय खरं. पण तो पाहुणा आपलाच का, ते आधी बघ.

वही काढ. क्रिस्टल वाढवलेल्या थेंबात काय काय होतं? गोठवताना ग्लिसरॉल, प्रोटीन द्रावणातून बाहेर काढणारा अवक्षेपक म्हणून पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), शिवाय सल्फेट, ॲसिटेट, संयुग विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक. ही मंडळी मिळेल त्या फटीत शिरतात. उमेदीच्या काळात मी पीईजीच्या तुकड्याला संयुगाची शेपूट समजून तीन महिने घालवले होते. माझ्या सरांनी एक शब्द न बोलता माझी बफरची बाटली टेबलावर आणून ठेवली!

म्हणून संयुग मॉडेलमधून काढून टाक, पुन्हा रिफाइन कर, म्हणजे मॉडेल मोजमापांशी जुळवून घे, आणि मग मॉडेलने न भरलेली घनता दाखवणारा फरक-नकाशा ३ सिग्माला, म्हणजे गोंगाटाच्या बराच वर, बघ. तुझ्या संयुगाची दोन्ही वलयं आपणहून उभी राहिली तर पुढे बोलू. त्याचे बी-फॅक्टर, म्हणजे अणू किती डळमळीत आहेत त्याचे आकडे, शेजारच्या अवशेषांपेक्षा (प्रोटीनच्या साखळीतल्या अमिनो आम्लांपेक्षा) फारच चढे असतील, तर ऑक्युपन्सी १, म्हणजे प्रत्येक प्रोटीनमध्ये ती जागा भरलेलीच, असं धरून बसू नकोस.

क्रिस्टलच्या सममितीने येणारे शेजारी प्रोटीन रेणूही स्क्रीनवर दाखवायला लाव. दोन प्रोटीन क्रिस्टलमध्ये खेटली म्हणूनच तो खिसा तयार झाला असेल, तर द्रावणात तो नसणारच. शिवाय तू सोकिंग, म्हणजे क्रिस्टल संयुगात भिजवणं, मिलिमोलरमध्ये, फार दाट द्रावणात, केलंयस. एवढ्या गर्दीत कमकुवत जागाही भरते.

एवढं करूनही तो तिथंच राहिला, तर मात्र पुसून टाकू नकोस. पेनिसिलिन तोडणाऱ्या टेम-१ बीटा-लॅक्टमेज या जीवाणूंच्या एन्झाइमचं उदाहरण घे. २००४ साली त्याचे निरोधक सक्रिय जागेपासून १६ अँगस्ट्रॉम लांब, प्रोटीनच्या दोन हेलिक्सच्या (सर्पिल वळणांच्या) मध्ये घुसलेले सापडले. रिकाम्या रचनेत तिथं खिसाच दिसत नाही, तरी एन्झाइम थंडावतं. एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइममध्ये नेव्हिरॅपिनही असंच बाजूला जागा करून बसतं, आणि ते तर औषध आहे.

त्या खिशातला एक अवशेष बदलून बघायचा, आणि आयटीसी लावायची, म्हणजे संयुग चिकटताना होणारी उष्णता मोजायची. प्रोटीन किती उरलंय ते मोजून ठेव. मंगळवारी येताना बफरची वहीही आण, नुसता लॅपटॉप नको.

तुझा,
सर