ग्राफिक्स विभागात ‘क्लिप तयार करायचं’ काम: घ्यावं का?

प्रश्न: मी अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. एका वृत्तवाहिनीच्या ग्राफिक्स विभागात नोकरी मिळते आहे. इतरांनी बनवलेल्या अ‍ॅनिमेटेड टेम्प्लेटमध्ये (नाव-मजकूर बदलून पुन्हा पुन्हा वापरता येतील अशा साच्यांमध्ये) बसतील अशा व्हिडिओ क्लिप तयार करून द्यायच्या, एवढंच काम आहे. मला हे निव्वळ फाइली बदलण्याचं काम वाटतं. मी यात अडकून पडेन का?

उत्तर: नोकरी घे, असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रमात तू केलेलं अ‍ॅनिमेशन रेंडर झालं, म्हणजे त्याचा अंतिम व्हिडिओ तयार झाला, की संपतं. टेम्प्लेटमधल्या क्लिपचं तसं नसतं. तिच्यावर कोणाचं नाव येणार, ते किती वेळ राहणार, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं आणि इशारा मिळताच ती सुरू व्हावी लागते. हे सगळं गृहीत धरून चित्र तयार करणं वर्गात फारसं शिकवलं जात नाही.

लूपचंच, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या क्लिपचंच बघ. पडद्याच्या खालच्या भागातली नावाची पट्टी येते, थांबते, जाते. थांबलेली असताना मागची हालचाल फिरत राहते. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रसारणात ८ सेकंदांचा लूप म्हणजे २०० फ्रेम. त्यातली पहिली आणि २०० वी फ्रेम तंतोतंत सारखी ठेवलीस, तर तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं आणि दर फेरीला बारीक अडखळा जाणवतो. पहिलीशी जुळायला हवी ती २०१ वी, जी फाइलमध्ये नसतेच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अल्फा, म्हणजे चित्राचा कोणता भाग किती पारदर्शक आहे याची माहिती. ती दोन प्रकारे साठवतात. स्ट्रेट पद्धतीत रंग जसेच्या तसे राहतात. प्रीमल्टिप्लाइड पद्धतीत रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेले असतात. तुझी फाइल दुसऱ्या प्रकारची असेल आणि टेम्प्लेटने ती पहिल्या प्रकारची समजली, तर गुणाकार दोनदा होतो आणि धूर, सावली, गोलाकार कडा यांच्याभोवती काळपट रेघ उमटते. उलट झालं तर कडा पांढुरक्या चमकतात. ही रेघ बघताच कारण ओळखणारा माणूस कोणत्याही विभागाला हवा असतो, आणि तशी नजर हे काम रोज केल्यानेच तयार होते.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, हेही याच ओघात समजेल. एच.२६४ या कोडेकची फाइल छोटी होते, पण तिच्यातल्या बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे मध्येच उडी मारून मागे येणं यंत्राला जड जातं. शिवाय अल्फा तिच्यात सहसा ठेवता येत नाही. म्हणून प्रोरेस ४४४४ सारखा, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणारा आणि अल्फा सोबत नेणारा कोडेक वापरतात. ३० फ्रेमची क्लिप २५ वर आणताना हालचाल धक्के का खाते, हेही लवकरच कळेल.

आता अडकण्याबद्दल. ‘हे सेटिंग लाव’ एवढंच ऐकून काम करत राहिलीस, तर नक्की अडकशील. प्रत्येक सेटिंगचं कारण विचार. टेम्प्लेट बनवणाऱ्यांच्या शेजारी बस, आपली क्लिप प्रत्यक्ष प्रसारणात कशी दिसते ते नियंत्रण कक्षात जाऊन बघ. घरी कास्परसीजी वापरून बघ. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीत तयार झालेली, प्रसारणात ग्राफिक्स आणि क्लिप चालवणारी ही प्रणाली मोफत आहे आणि तिचा सोर्स कोड खुला आहे. तिच्यात एक लोअर थर्ड, म्हणजे तीच खालची नावाची पट्टी, स्वतः उभं कर. नाव दोन अक्षरी असो वा चार शब्दांचं, ते तुटता कामा नये. त्यासाठी थोडं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट शिकावं लागेल. तो वेळ वाया जाणार नाही, कारण टेम्प्लेट डिझायनर व्हायचं तर माहितीवर चालणारं ग्राफिक्स जमायलाच हवं.

होकार कळवण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार: टेम्प्लेट त्याच विभागात बनतात का, आणि काही महिन्यांनी तुला त्यावर काम करता येईल का. टेम्प्लेट बाहेरून तयार होऊन येत असतील, तर ही नोकरी वर्षभरापुरतीच धर आणि तेवढ्यात स्वतःच्या टेम्प्लेटचे नमुने जमवून ठेव.