संग्रहालयातल्या सर्कशीच्या प्रदर्शनासोबत गावात छोटा खेळ कसा बसवावा?

तालुक्याच्या संग्रहालयात जुन्या सर्कशींचे फोटो लागणार आहेत, सोबत वीस मिनिटांचा खेळ करायचाय, प्राणी नाहीत, पैसे जेमतेम, मग दाखवायचं काय, असं तुम्ही विचारलंय. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात असाच खेळ केला होता, त्यावरून सांगतो.

आधी आमचं चुकलं ते. पहिल्या दिवशी दारातच ढोल लावला. जोकर, कोलांट्या, मनोरे, सगळं एका दमात. गर्दी तर झाली, पण खेळ संपल्यावर लोक थेट चहाच्या टपरीवर गेले. आतले फोटो पाहिलेच नाहीत कोणी. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री ठरवलं की भिंतीवर जे लागलंय त्यातूनच खेळ निघाला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नुसत्या रिंगणापासून सुरुवात केली. अंगणात खुंटी ठोकली, 21 फुटांचा दोर बांधला आणि एका मुलीनं तो ताणून धरत चुन्याची फक्की टाकत फेरी मारली. झालं 42 फुटांचं रिंगण. अठराव्या शतकात लंडनला फिलिप अॅस्लेच्या घोड्यांच्या खेळांतून हे माप रूढ झालं. एवढ्या फेऱ्यात घोडा दौडला की स्वार आत झुकतो आणि त्या वेगाच्याच आधारानं पाठीवर उभा राहू शकतो. हे ऐकून मागून एक आजोबा म्हणाले, "हे तं आपल्या खळ्यावानीच दिसते बाप्पा!" मग त्यांनीच मुलांना सांगितलं की मळणीत खांबाजवळ मंद बैल जुंपायचा आणि कडेला चपळ, कारण कडेच्याला जास्त चालावं लागतं. माझं भाषण मी तिथंच थांबवलं. त्यांचं ऐकण्यात जास्त मजा होती.

त्यानंतर विष्णुपंत छत्र्यांची गोष्ट आली. कुरुंदवाडच्या राजाच्या पागेची व्यवस्था पाहणारा माणूस, मुंबईत इटालियन सर्कस बघतो काय आणि 1880 मध्ये स्वतःची सर्कस उभी करतो काय! गोष्ट संपली तशी माणसं आपणहून आत, घोड्यांच्या फोटोपाशी गेली.

वाघाचं जरा जपून. आमच्याकडे वाघ म्हणजे गंमत नाही, माणसं गेलेली घरं समोर बसलेली असतात. मुखवटा घालून डरकाळ्या फोडणारं पोर आम्ही काढून टाकलं. रिंगणात फक्त रिकामं स्टूल ठेवलं. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबट्यांना शिकवत अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत कसे पोचले ते सांगितलं, आणि 1998 च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या सर्कशीतून का गेले तेही. स्टुलाकडे बघत लोक गप्प बसले होते.

दोरावरची चाल आम्ही जमिनीवरच केली. अंगणात जाड दोर पसरला, मुलीच्या हातात लांब बांबू दिला. ती पाय टेकवण्याआधी अंगठ्यानं दोर चाचपायची. पुढच्या रांगेतल्या बायांनी तेवढ्यावरही पदर तोंडाशी नेला. शाळेच्या मुलांना उंचीवरचं काहीही देऊ नका, मनोरासुद्धा दोन थरांपेक्षा उंच नको.

जवळपास मल्लखांबाची मुलं असतील तर मात्र जरूर बोलवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले होते, म्हणजे ते पथक आपल्या विदर्भातलंच. खांबाला एरंडेल चोळतानाही लोकांना बघू द्या, वास येईल एवढं जवळ.

तारीख धानाची मळणी आटोपल्यावरची धरा. खेळ दुपारी चारला ठेवा आणि त्या रात्री गावात नाटक नाही ना, ते आधी विचारून घ्या. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक असलं की माणसं संध्याकाळपासूनच चटया टाकून जागा धरतात, तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही.